पुनरुत्थान कोणाचे?

ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा सण कोणता, असा प्रश्न विचारला तर बहुसंख्य हिंदू घरांतून 'नाताळ' असे उत्तर येईल. ते स्वाभाविकही आहे. नाताळ बाजारपेठेने घरोघरी पोहोचवला आहे. परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर नाताळ ही केवळ प्रस्तावना आहे. त्या धर्माचा गाभा उत्तम शुक्रवार आणि त्यानंतरच्या रविवारी येणारा ईस्टर यांत आहे. शुक्रवारी येशू वधस्तंभावर मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी थडग्यातून सदेह उठला, या एका विधानावर चर्चची दोन हजार वर्षांची इमारत उभी आहे. विधान पटो अथवा न पटो, ते समजून घेतल्याखेरीज मिशनरी कार्य समजत नाही. आणि मिशनरी कार्य समजल्याखेरीज त्याविषयी हिंदू समाजाने काय करावे, याचे उत्तर सापडत नाही.

सोलापूर शहराच्या दक्षिणेला विजापूर मार्गाच्या अंगाने वाढलेल्या जुळे सोलापूरसारख्या वस्तीत हा प्रश्न ग्रंथालयातील चर्चेपुरता राहिलेला नाही. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, निवृत्त अधिकारी, गिरणगावातून बाहेर पडून स्वतःचे घर बांधलेली कुटुंबे अशी ही वस्ती. येथील मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, वर्गमित्रांकडून आणि दूरचित्रवाणीवरून अनेक गोष्टी ऐकतात आणि घरी येऊन विचारतात की, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला म्हणजे काय झाले? घरातून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. 'त्या भाकडकथा आहेत' हे एक आणि 'सगळे धर्म एकच सांगतात' हे दुसरे. पहिल्या उत्तरात उद्धटपणा आहे, दुसऱ्यात आळस आहे. मुलाच्या जिज्ञासेचे समाधान दोन्हींनी होत नाही.

कार्यकर्त्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. धर्मांतराचा विषय निघाला की परदेशी पैसा, आमिषे, औषधांची पाकिटे आणि शाळेची फी यांची चर्चा होते. आमिषे दाखवली जातात, हे खरेच आहे. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ साली आपल्या अहवालात त्याची सविस्तर नोंद केली आहे. परंतु केवळ पैशाच्या बळावर कोणी आपला देश, घरदार सोडून परक्या मुलखातील उन्हात आयुष्य घालवत नाही. त्यामागे एक श्रद्धा असते. त्या श्रद्धेचे नाव पुनरुत्थान.

आत्म्याचे अमरत्व नव्हे, देहाचे उठणे

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने योजलेला 'पुनरुत्थान' हा संस्कृत शब्द हिंदू मनाला ओळखीचा वाटतो आणि तेथेच घोटाळा होतो. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान या दोन कल्पना एकमेकींच्या जवळपासही नाहीत. पुनर्जन्मात जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो. कर्माचा हिशोब पुढे चालू राहतो. पुनरुत्थानात तोच मनुष्य, त्याच देहाने परंतु रूपांतरित आणि अविनाशी होऊन उठतो. आणि हे एकदाच घडते. अनेक जन्मांना त्या विचारात जागा नाही. हा एकच जन्म, एकच मृत्यू आणि मग न्यायाचा दिवस.

ही कल्पना शून्यातून आली नव्हती. येशूच्या काळातील ज्यू समाजात परूशी पंथ मृतांच्या उठण्यावर विश्वास ठेवत असे, तर सदूकी पंथ ते नाकारत असे. ख्रिस्ती मताने नवे सांगितले ते हे की, जे जगाच्या अंती सर्वांचे व्हायचे आहे ते एका मनुष्याच्या बाबतीत इतिहासाच्या मध्यातच, रोमन सुभेदार पिलाताच्या कारकिर्दीत, जेरुसलेममध्ये घडून गेले. म्हणून चारही शुभवर्तमाने रिकाम्या थडग्याची हकीकत सांगतात. त्या रिकाम्या थडग्याशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रिया. थोमा नावाचा शिष्य तर जखमा प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज विश्वास ठेवायला तयार नसतो.

आधी ख्रिस्ती मंडळींचा छळ करणारा आणि नंतर त्या मताचा सर्वांत मोठा प्रचारक झालेला पौल याने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ही बाब निःसंदिग्धपणे मांडली आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला उपदेश फोल आहे आणि ऐकणाऱ्यांचा विश्वासही फोल आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे. आपल्या धर्माचे सारे भवितव्य एका घटनेवर पणाला लावणारा हा युक्तिवाद आहे. हिंदू विचाराशी असलेला मूलभूत भेद येथे दिसतो. श्रीकृष्णाच्या चरित्रातील एखादा प्रसंग इतिहासाच्या कसोटीवर कोणी नाकारला, तरी गीतेतील तत्त्वज्ञान उणे होत नाही. गांधीजींनीही येशूविषयी अशाच आशयाची भूमिका घेतली होती. येशू नावाचा मनुष्य होऊन गेला नाही असे सिद्ध झाले तरी डोंगरावरील प्रवचन आपल्यासाठी सत्यच राहील, असे त्यांचे म्हणणे होते. ही अस्सल हिंदू भूमिका आहे. चर्चला ती मान्य होणे शक्य नाही. कारण प्रवचन उरले आणि थडगे रिकामे नसले, तर चर्चच्या लेखी काहीच उरत नाही.

अंत्यसंस्काराच्या रीतीतही हा विचार उतरलेला आहे. देह उठायचा आहे म्हणून तो जपून मातीत ठेवायचा. कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली ती १९६३ साली, आणि तीही देहाचे उठणे नाकारण्याचा हेतू नसेल तरच. २०१६ साली व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केले की, दहन केले तरी रक्षा उधळू अथवा विसर्जित करू नये. हिंदू परंपरेत पंचमहाभूतांचा देह पंचमहाभूतांना परत करायचा असतो. अस्थी नदीला अर्पण करून कुटुंब मागे वळते. सोलापुरातील लिंगायत समाजात दफनाची रीत आहे, परंतु तेथील भाव शिवैक्याचा आहे. देह पुन्हा उठेल म्हणून राखून ठेवण्याचा विचार त्यामागे नाही. कृती सारखी दिसली म्हणून अर्थ सारखा होत नाही, हे 'सगळे एकच' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आज्ञा कोणाची?

आता मिशनच्या प्रश्नाकडे वळता येईल. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येणारी आज्ञा येशूने आपल्या हयातीतील उपदेशात दिलेली नाही. ती पुनरुत्थित येशूने गालीलातील डोंगरावर दिली, असे तेथे सांगितले आहे. मृत्यूवर विजय मिळवला म्हणून सर्व अधिकार त्याच्याकडे आला, आणि अधिकार आला म्हणून सर्व राष्ट्रांना आज्ञा गेली, अशी ही साखळी आहे. श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने म्हणूनच धर्मप्रसार हा ऐच्छिक उपक्रम राहत नाही. ते जिवंत राजाचे फर्मान ठरते.

विल्यम कॅरीने १७९२ साली इंग्लंडमध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत याच आज्ञेचा आधार घेऊन ती आजही बंधनकारक असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढे हाच कॅरी बंगालमध्ये आला आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत उतरले. १८३१ साली अहमदनगरात ठाणे झाले. आणि १८६०च्या दशकात तेच मिशन सोलापुरात पोहोचले. पेशवाईच्या अस्तानंतरच्या निराशेच्या काळात मराठी मुलखात एवढ्या वेगाने पसरलेल्या या जाळ्यामागे इंग्रजी सत्तेचे छत्र होते, हे नाकारता येत नाही. परंतु त्या छत्राखाली चालणाऱ्या माणसांच्या मनात ती आज्ञा होती, हेही नाकारता येत नाही.

काळ बदलला तरी आज्ञा बदललेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले तेव्हा त्यांनी आशिया खंडाविषयीच्या दस्तऐवजातून काय सांगितले? पहिल्या सहस्रकात युरोपात क्रूस रोवला गेला, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत, आता तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती यावे, अशी प्रार्थना त्यात होती. पाहुणा घरी येतो, दिव्यांच्या सणाचे कौतुक करतो आणि त्याच वेळी हे घर आपल्या पिकाचे शेत आहे असे सांगतो, तेव्हा घरच्यांनी अस्वस्थ होणे हा असहिष्णुपणा म्हणता येत नाही.

सोलापूरचे मृत्युंजय

मृत्यूवर विजय ही कल्पना सोलापूरला परकी आहे काय? मुळीच नाही. नारळी पौर्णिमेला शहरातून मार्कंडेयांचा रथ निघतो आणि हजारो पद्मशाली कुटुंबे त्याच्या दर्शनाला लोटतात. तेलंगणातून येऊन या शहराच्या मागांवर आयुष्य विणणाऱ्या या समाजाचे मूळपुरुष मार्कंडेय. सोळाव्या वर्षी दाराशी आलेल्या यमाला शिवलिंगाला मारलेल्या मिठीने परतवणारे. शहराच्या मध्यभागी तलावात बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. ज्या महापुरुषाने लोकांच्या तहानेसाठी तलाव खोदवला, त्याच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा झालेला विवाह आजही मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या साक्षीने साजरा होतो. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेले सिद्धराम या शहराच्या दृष्टीने गेलेले नाहीत. पलीकडे अक्कलकोटात स्वामी समर्थांनी १८७८ साली देह ठेवला. पण ते गेले असे म्हणणारा भक्त शोधून सापडणार नाही. ईस्टरच्या आधीची पौर्णिमा बहुधा चैत्री पौर्णिमा असते, म्हणजे हनुमान जयंती. आणि हनुमंत तर सप्तचिरंजीवांपैकी एक.

देह पडल्यानंतरही सद्गुरूचे अस्तित्व जाणवते, या श्रद्धेचा हिंदू मनाला उपहास करता येणार नाही आणि करूही नये. येशूचे शिष्य त्याच्या मृत्यूनंतर तीन दिवसांत भयभीत होऊन विखुरले होते. तेच पुढे निर्भयपणे मृत्यूला सामोरे गेले. त्यांना काहीतरी विलक्षण अनुभव आला असला पाहिजे. हिंदू तेथे हात जोडू शकतो. प्रश्न निर्माण होतो तो त्यानंतर. सिद्धरामेश्वरांच्या भक्ताने कधी असे म्हटले नाही की, या तलावाकाठी जो आला नाही तो तरला नाही. अक्कलकोटच्या भक्ताने पंढरीच्या वारकऱ्याला चुकीच्या वाटेवरचा ठरवले नाही. मार्कंडेयांची मुक्ती ही शिवकृपेची साक्ष आहे. इतरांच्या मुक्तीची ती एकमेव अट नाही. हिंदू दृष्टीने अमृतत्व हा प्रत्येक जीवाचा स्वभाव आहे, साधनेने तो प्रकट करायचा. ख्रिस्ती मताने ते एका ऐतिहासिक घटनेचे फळ आहे आणि त्या घटनेवर विश्वास ठेवणाऱ्याला ते मिळते. आक्षेप श्रद्धेला नाही. एकाच दाराच्या दाव्याला आहे.

हा दावा सत्तेच्या हाती गेला की काय घडते, याची साक्ष गोव्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीच्या प्रेमाने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. त्यातील येशूचरित्र मराठी वाङ्मयाचे भूषण आहे, यात शंका नाही. पण त्याच साष्टीत १५६७च्या सुमारास पोर्तुगीजांनी गावोगावची देवळे जमीनदोस्त केली होती, आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. ओवी आणि उद्ध्वस्त देवालय एकाच मातीत उभे राहिले. ओवीचे कौतुक करताना देवालयाचे विस्मरण होऊ नये.

सेटलमेंटचा धडा

एवढे सांगून थांबणे सोपे आहे. परंतु सोलापूरच्या कार्यकर्त्याला तसे थांबता येणार नाही, कारण याच शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही राबवला गेला. पारधी, कैकाडी, भामटा आदी जमातींतील कुटुंबांना तारेच्या कुंपणात डांबण्यात आले. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही आणि गिरण्यांत राबायचे. सोलापूरची ही वसाहत त्या इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत तेथील व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती.

यावर टीका करायला जागा आहे. कुंपण सरकारचे आणि त्याच्या आतील उपदेश मिशनचा, हा संयोग निर्मळ म्हणता येत नाही. ज्याला दार उघडून बाहेर जाण्याचे स्वातंत्र्य नाही, त्याच्यापुढे मांडलेला धर्म त्याने मोकळेपणाने स्वीकारला की नाकारला, हे कसे ठरवायचे? परंतु दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. त्या कुंपणाबाहेर राहणारा हिंदू समाज तेव्हा काय करत होता? मिशनच्या बायका त्या मुलांना अक्षरे शिकवत होत्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या. जवळच मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि आयुष्य तेथेच वेचले. सिद्धरामेश्वरांच्या नगरीत मात्र जन्माने चोर ठरवलेल्या माणसाला कोणी आपल्या ओसरीवर बसवत नव्हते.

पुनरुत्थानाचा खरा प्रभाव कोठे पडतो, हे येथे कळते. ज्याला समाजाने जन्मतःच मेलेला ठरवले, त्याला कोणी सांगतो की तुझे जुने आयुष्य गाडले गेले, तू नवा मनुष्य म्हणून ऊठ. त्याला पौलाचा युक्तिवाद ठाऊक नसतो, थडग्याच्या पुराव्याशी त्याला कर्तव्य नसते. त्याला 'ऊठ' हा शब्द ऐकू येतो. प्रत्येक जीवात परमात्मा पाहणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या वारसांनी हा शब्द आधी उच्चारायला हवा होता. कठोपनिषदातील हाक तीच आहे. पण ती ग्रंथात राहिली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी मे १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, असा निर्वाळा दिला तो याच जाणिवेतून.

ही जमात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याच्या कुंपणातून मुक्त झाली. समाजमनातील कुंपण मात्र आजही पूर्ण हटलेले नाही. ते हटवण्याचा एक सच्चा प्रयत्न सोलापूरपासून फार दूर नाही. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९०च्या दशकात भटके विमुक्तांच्या मुलांसाठी उभा राहिलेला प्रकल्प आणि त्यासाठी झटलेले गिरीश प्रभुणे यांचे कार्य सर्वपरिचित आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. तेथे शिकलेल्या पारधी मुलाला आपले देव, आपली भाषा, आपले कूळ सोडावे लागले नाही आणि तरीही तो उठून उभा राहिला. धर्मांतराला दिलेले याहून परिणामकारक उत्तर दुसरे नाही.

संवाद कोणाशी, विरोध कशाला?

मराठी ख्रिस्ती बांधव हे परके नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या कीर्तनातील टाळ आणि अभंगाचा छंद सुटला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत होते. ख्रिस्तावरील श्रद्धा आणि परदेशी संस्थेची सभासदगिरी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्यांनी दाखवले. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे झालेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या निवडीवरून वाद झाला. तरी वसईच्या या धर्मगुरूने 'सुबोध बायबल'मधून मराठी गद्याची सेवा केली, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही. अशा मराठी ख्रिस्ती विचारवंतांना एक प्रश्न मोकळेपणाने विचारला पाहिजे: पुनरुत्थानाचा आनंद साजरा करताना शेजाऱ्याचा देव खोटा ठरवणे अपरिहार्य आहे काय? टिळकांच्या दरबारात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे; उरलेले अर्धे त्यांनीच द्यायचे आहे.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की, घटनेच्या २५ व्या कलमातील धर्मप्रसाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे. सक्ती, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध तक्रार करावी, पुरावे द्यावेत, न्यायालयात जावे. परंतु कायद्याचा आधार सोडून हात उगारणारा मनुष्य हिंदू समाजाचा रक्षक ठरत नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन कोवळी मुले यांना जिवंत जाळण्यात आले. त्या कृत्याने हिंदू धर्माचे कोणते हित साधले? स्टेन्स यांच्या पत्नीने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. पती आणि मुले पुन्हा भेटतील या श्रद्धेचे बळ त्यांच्यामागे होते. निंद्य कृत्य आणि त्यावरील ही क्षमा, यांतून जगाने हिंदूंविषयी काय मत बनवले असेल, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

घरातून आरंभ

जुळे सोलापुरातील त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे ते असे. ख्रिस्ती लोक मानतात की त्यांचा प्रभू एकदा मरून उठला; ती त्यांची श्रद्धा आहे आणि तिचा आदर करावा. हिंदू मानतात की तुझ्यात, त्यांच्यात आणि प्रत्येक प्राण्यात जे आहे ते मरतच नाही. त्यासाठी कोणाला आपले घर सोडावे लागत नाही. हे उत्तर देता येण्यासाठी आईवडिलांनी स्वतः गीतेचा दुसरा अध्याय उघडलेला असावा, नचिकेत्याची गोष्ट मुलाला सांगितलेली असावी आणि सुट्टीच्या दिवशी त्याला सिद्धेश्वराच्या तलावाप्रमाणेच यमगरवाडीलाही नेलेले असावे. नुसत्या गोष्टीने मूल अभिमानी होते. सेवा पाहिली की त्याला त्या गोष्टीचा अर्थ कळतो.

राष्ट्राचे पुनरुत्थान हा शब्द संघटनेच्या व्यासपीठांवरून अनेकदा उच्चारला जातो. एखाद्या थडग्याची शिळा सरकवून ते घडणार नाही. जन्माच्या नावाखाली माणसामाणसांवर ठेवलेल्या शिळा सरकवल्या तरच ते घडेल. त्या शिळा ज्यांनी ठेवल्या, त्या हिंदू समाजानेच त्या हलवल्या पाहिजेत. 'ऊठ' ही हाक वंचिताच्या कानी प्रथम कोणाकडून पडते, यावर पुढच्या पिढीतील सोलापूरचे चित्र अवलंबून राहील.